आधी माणूस बाजूला काढ

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी कालव्याच्या रस्त्यावर तू मोबाइल पुढे केलास, ती बुटांची जाहिरात दोनदा दाखवलीस आणि विचारलंस, "सर, घेऊ का?" मी "बघू" म्हणालो आणि सायकल काढली. घरी पोहोचेपर्यंत ते "बघू" मलाच टोचत राहिलं. चाळीस वर्षं पोरांना पळवलेल्या माणसाकडे याहून बरं उत्तर असायला हवं होतं.

तुला नवे बूट हवेत, यात काही चुकीचं नाही. पोलीस भरतीत १६०० मीटरला २० गुण आहेत, आणि तुझ्या जुन्या बुटाचा तळ अंगठ्याखाली पार झिजलाय, तेही मी पाहिलंय. पण बारा हजारांचा जोड, तोही हप्त्यावर, रात्री केळीच्या गाड्या भरून मिळणाऱ्या मजुरीतून! तुझी आजी ओट्यावरून म्हणाली, "पैसा काय झाडले लागतस का रे?" तेव्हा तू मान खाली घातलीस. मला राग तिथे आला नाही. हेच बूट का, असं मी विचारलं आणि तू त्या खेळाडूचं नाव सांगितलंस, तिथे आला. बुटाबद्दल तू एक शब्द बोलला नाहीस.

जाहिरात बघताना आधी माणूस बाजूला काढ. मग जे उरतं ते मोज.

मी मोजलं. रात्री नातीच्या मोबाइलवर तीच जाहिरात लावली आणि जुनं स्टॉपवॉच हातात घेतलं. तीस सेकंदांत पुरता बूट दिसला तो जेमतेम चार सेकंद. बाकी पहाटेचं धुकं, नाडी आवळणारी बोटं, श्वासाचा आवाज, कपाळावरून ओघळणारा घाम. कॅमेरा जमिनीला टेकवलेला, म्हणून पाऊल डोंगराएवढं दिसतं. मग सगळं संथ होतं, गर्दीचा आवाज चढतो आणि एकदम बंद पडतो. तेवढ्यात तुझ्या छातीत धडधडायला लागतं, आणि त्याच क्षणी कोपऱ्यात कंपनीची खूण येते. वजन किती, तळ कसा, डांबरी रस्त्यासाठी की मातीसाठी, आपल्यासारख्या पसरट पंजाला बसतो का, काही नाही. आणि तो खेळाडू शर्यतीत घालतो ते खिळ्यांचे स्पाइक्स. तुला दुकानात मिळणार तो सरावाचा जोड. ज्या बुटावर त्याने पदक मिळवलं तो तू घेतच नाहीयेस!

हे आजचं नाही. १९८४ साली नाइकेने मायकेल जॉर्डन या नवख्या बास्केटबॉलपटूशी करार केला. त्याचे लाल-काळे बूट अमेरिकेतल्या लीगच्या गणवेशाच्या नियमात बसेनात. फेब्रुवारी १९८५मध्ये लीगने तसं पत्रही पाठवलं. कंपनीने त्या मनाईचीच जाहिरात केली. लीगने हे बूट मैदानाबाहेर काढलेत, पण तुम्हाला ते घालण्यापासून लीग अडवू शकत नाही, असा तिचा सूर. बूट 'क्रांतिकारी' आहे, एवढं एक विशेषण सोडलं तर बुटाबद्दल काही नाही. लीगचा आक्षेप बहुधा वेगळ्याच मॉडेलवर होता, असं जाणकार आता सांगतात. म्हणजे गोष्ट एका जोडाची आणि विकला दुसरा. पहिल्याच वर्षात १० कोटी डॉलरहून जास्तीचा माल गेला.

नंतरच्या एका जाहिरातीत दिग्दर्शक स्पाइक ली जॉर्डनच्या मागे लागून विचारतो, तुझ्या खेळाचं रहस्य हे बूटच ना? जॉर्डन पुन्हा पुन्हा नाही म्हणतो. किती हुशारी बघ. तो नाही म्हणतो म्हणून खोटं कुणीच बोलत नाही, आणि बघणारा मनात म्हणतो, बूटच असणार.

असं का करतात, ते नीट समजून घे. बुटाबद्दल ठोस दावा केला की कुणीतरी पुरावा मागतं. अमेरिकेत रीबॉकने म्हटलं, आमचे बूट घालून नुसतं चाललं तरी पाय घडीव होतात. पुरावा निघाला नाही, आणि २०११ साली अडीच कोटी डॉलर मोजावे लागले. पुढच्या वर्षी स्केचर्सला अशाच दाव्यांपायी चार कोटी. आपल्याकडेही २०१९च्या ग्राहक कायद्यात फसव्या जाहिरातीतल्या नामवंताला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कपाळावरून घाम ओघळला, याचा पुरावा कोण मागणार? बुटाची बाजू खेळाडूच्या चेहऱ्याने मांडायची ती यासाठी. म्हणून म्हणतो, आधी माणूस बाजूला काढ.

आता जे सांगतो ते घरच्यांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

मी आश्रमशाळेत क्रीडाशिक्षक होतो तेव्हा सातपुड्यातल्या एका पाड्यावरची पोर माझ्याकडे होती. पावरा समाजाची, अंगाने काटकुळी. ३००० मीटरला अनवाणी पळून जिल्ह्यात पहिली आली. विभागीय स्पर्धेला नाशिकला जायचं होतं. माझ्या खोलीत भिंतीवर मासिकातून कापलेलं जॉर्डनचं चित्र होतं, पाय फाकून हवेत झेपावलेला. आमच्या शाळेत बास्केटबॉलची रिंगसुद्धा नव्हती, मी त्याचा एक सामना पाहिलेला नव्हता, पण ते चित्र रोज बघायचो. मी तिच्या वडलांना बोलावून सांगितलं, "पुढे जायचं तर बूट लागतील. चांगले, कंपनीचे." त्यांनी दोन शेळ्या विकल्या.

जळगावला आम्ही तिघं गेलो. मुलींच्या मापाचा जोड मिळाला नाही. मुलांचा एक नंबर मोठा होता, तो मी घेतला. पुढे कापसाचा बोळा घाल म्हणालो. आपल्याकडे कापसाला काय तोटा! सरावाला चार दिवससुद्धा मिळाले नाहीत. नाशिकला तिसऱ्या फेरीत तिची चाल बिघडली. पाचवीत ती थांबली, खाली बसली, दोन्ही बूट काढून कडेला ठेवले आणि पुन्हा पळाली. चौथी आली. टाचांची कातडी सोलून निघाली होती, मोज्याला चिकटून आली.

वडील मला एक शब्द बोलले नाहीत. बूट पुसून त्यांनी खोक्यात ठेवले आणि विचारलं, "सर, दुकानदार परत घेईल का?"

दिवाळीनंतर ते कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलं. पोर पुन्हा शाळेत आली नाही. बुटांमुळेच आली नाही, असं मी म्हणणार नाही, दरवर्षी कितीतरी पोरं तशी जात. पण त्या दोन शेळ्या माझ्या शब्दावर गेल्या. तिचा पाय किती लांब, टाच किती अरुंद, हे मी बघितलंच नाही. भिंतीवरच्या चित्राकडे बघून बूट घेतले.

बूट नकोतच, असं मात्र यातून काढू नकोस. तुम्ही पोरं लगेच दुसरं टोक गाठता. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी जिंकली, ते लोक चवीने सांगतात. त्याला देऊ केलेले बूट पायाला नीट बसत नव्हते, म्हणून तो अनवाणी पळाला, हे सांगत नाहीत. १९६४ला टोकियोत तोच बूट घालून पळाला आणि पुन्हा जिंकला, आधीपेक्षा कमी वेळात. आधी सगळं पायाला बसण्यावर आहे रे.

तू हिमा दासचं उदाहरण दिलंस. सुरुवातीच्या साध्या बुटांवर तिने पेनाने आदिदास लिहिलं होतं. बरोबर. २०१८ला ती जागतिक ज्युनियर स्पर्धेत ४०० मीटरला सुवर्ण जिंकली आणि त्याच वर्षी तीच कंपनी तिच्या दारात आली. पण विचार कर, नाव तिने फुकट लिहून घेतलं होतं, आणि पळाली ती हातात होत्या त्या बुटांवर. तू त्याच नावासाठी सहा महिन्यांचे हप्ते बांधून घेतोयस.

गावात अजून बोलतात, सरांच्या हट्टापायी पोरं अनवाणी राहिली. तुझ्या काकानेही तुला सांगितलं असेल. एका दुकानदाराने वीस जोड देऊ केले होते, बदल्यात जिल्ह्यात जिंकलेल्या पोरांचे फोटो त्याच्या फलकावर. मी म्हणालो, आधी प्रत्येकाच्या पायाचं माप घ्या, मग द्या, आणि फोटो नको. तो परत आला नाही. पालक माझ्या दारात येऊन भांडले. मी चुकलो असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या पोरांचा चेहरा बघून दुसऱ्या कुठल्या बापाने शेळी विकली असती. एकदा तसं माझ्या हातून झालं होतं, दुसऱ्यांदा मी होऊ देणार नव्हतो. तुला हा हट्ट वाटत असेल तर वाटू दे.

दुकानात गेलास की भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून उभा राहा. संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजतात. सरावाचे मोजे घालून जा. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच सुटता कामा नये, बूट पंजापाशी वाकावा, मधोमध वाकायला नको. दुकानातल्या दुकानात पळून बघ, लाजू नकोस. नाव नसलेला जोड नीट बसला तर तो घे. बारा हजारांचाच एकटा बसला आणि पैसे साठवून घेतलास, तर मी आजीला स्वतः समजावेन. पण हप्त्यावर नाही, आणि त्या माणसाकडे बघून नाही.

येत्या रविवारी साडेपाचला ये. उन्हं चढायच्या आत चार फेऱ्या मारू. मग वहीचे दोन कोरे कागद आणि पेन्सिल घेऊन ओट्यावर बस, दोन्ही पायांची आखणी करू. तुझा डावा पाय उजव्याहून थोडा मोठा वाटतो मला. जुने बूटही आण, तळ कुठे झिजलाय ते उजेडात बघायचंय.

तुझे सर