दमट हवेत चित्रं काढायची तर काय घ्यावं, आणि फोटोशॉप लागतंच का?

ताई, तुमचे तीन प्रश्न आहेत. वीस वर्षांनी परत चित्रं काढायला बसताय तर चार हजारांत पेन्सिली-रंग-कागद काय घ्यावं. चित्र कॉम्प्युटरवर घेऊन नीट करायला फोटोशॉप लागेलच का. आणि गुहागरला जूनमध्ये घेतलेल्या वहीवर दिवाळीपर्यंत तपकिरी ठिपके कसे पडले. तिसरा तुम्ही जाता जाता विचारलाय, पण आपल्याकडे कोकणात खरं तर तोच पहिला. म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो.

ती बुरशी आहे. ठिपके दिसायला लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. जलरंगाच्या कागदाला तयार होतानाच जिलेटिन किंवा तसल्या कशाचा तरी हात दिलेला असतो, आपल्या जुन्या पेंटर लोकांच्या भाषेत सरस. त्याला साइझिंग म्हणतात. त्यामुळे रंग कागदाच्या वर थोडा वेळ तरंगतो आणि आपल्याला खेळवता येतो. बुरशी हा हातच खाऊन टाकते.

मी हे हर्णै बंदरावर शिकलो. संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाची गडबड सुरू होती. मी कडेला बसून सुवर्णदुर्गामागच्या आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, मारला. कागद स्वच्छ पांढरा होता, डाग नाही, वास नाही. वॉश ओला असेपर्यंत सगळं छान. मिनिटभरात आभाळभर गडद ठिपके उठले, पोराच्या अंगावर गोवर उठावा तसे. जिथे जिथे साइझिंग गेलं होतं तिथे कागद टीपकागदासारखा रंग पीत होता. बाजूला उभी असलेली एक मावशी म्हणाली, "पाऊस काढलास होय?" मी हो म्हटलं, काय सांगणार!

तेव्हापासून माझे निम्मे पैसे कागदावर आणि तो जपण्यावर जातात. तुम्हीही तसंच करा. ३०० ग्रॅमचा (चौरस मीटरला) कोल्ड प्रेस, म्हणजे थोडा खरखरीत कागद घ्या. १०० टक्के कॉटनचा परवडत नसेल तर त्याची छोटी वही चित्रांसाठी आणि साधा सेल्युलोजचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा, सरावाला. कडा डिंकाने चिकटवलेला ब्लॉक मिळाला तर उत्तम, कागद ताणून बसायचा त्रास वाचतो. पण गठ्ठा घेऊ नका. पावसाळ्याआधी संपेल एवढाच घ्यायचा. उरलेला रबराची कड असलेल्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. माझं दापोलीत औषधाचं दुकान आहे, त्यामुळे पुड्यांना तोटा नाही. तुम्ही रंग बदलणारं सिलिका घ्या. ओल शोषली की त्याचा रंग बदलतो, मग मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं. पापड-कुरडयांचा डबा आषाढात जसा उघडता, तसाच हाही. हवं तेवढं काढायचं आणि झाकण लावायचं.

पेन्सिलीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एचबी, २बी, ४बी आणि एक ६बी. अप्सरा, कॅमलिन काहीही चालेल. स्टेडलरची निळी ल्युमोग्राफ माझी लाडकी, पण ती लाडच आहे, गरज नाही. एकच सांगतो. कागद ओलसर असला की एचबीचं टोक उमटण्याऐवजी रुततं, आणि ती खाच रंगाखालूनही दिसते. जुलैत २बीपेक्षा कडक पेन्सिल घेऊ नका. खोडरबर मळता येणारा घ्या, तो टिपून शिसं उचलतो, कागदाचा पापुद्रा काढत नाही.

पेनांत पिगमेंट शाई असलेली हवीत: पिग्मा मायक्रॉन, युनी पिन, आर्टलाइनची ड्रॉइंगची पेनं. ०.१ आणि ०.५ एवढे दोन नंबर पुरे. सुकल्यावर ही शाई पाण्याला हलत नाही, पण "सुकल्यावर" या शब्दाकडे लक्ष द्या. मे महिन्यात दोन मिनिटांत सुकते ती जुलैत पाव तासानेही बोटाला लागते. कोपऱ्यात एक रेघ ओढून ठेवायची, ओलं बोट तिच्यावरून फिरवायचं, आणि मगच ब्रश उचलायचा.

रंगांचा २४ चा डबा बघून मोहात पडू नका. कलाकार दर्जाच्या पाच-सहा ट्यूबा घ्या: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ओकर, एक थंड पिवळा, एक लाल आणि हवा तर थॅलो ब्लू. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक बारीक अक्षरांत छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. अल्ट्रामरीनला पीबी २९, बर्न्ट सिएनाला बहुतेक पीबीआर ७. पीआर ८३ दिसला, म्हणजे जुनं अलिझरीन, तर ठेवून द्या. भिंतीवर लावलेल्या चित्रातून तो उन्हाने उडतो.

आपल्या चिऱ्यासाठी, म्हणजे जांभ्या दगडासाठी, एकच तयार रंग शोधत बसू नका. खाणीतून नुकता निघालेला चिरा यलो ओकरमध्ये थोडा लाल घातल्यावर मिळतो. दहा पावसाळे खाल्लेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, हवा असेल तर बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन ढकला. दोन्ही कागदावरच मिसळा, पॅलेटमध्ये मिसळलंत तर मेलेला तपकिरी होतो.

काही परदेशी कंपन्या डिंकाबरोबर मधही घालतात. कोरड्या देशात ते रंग सुंदर चालतात. माझ्या पॅलेटमध्ये जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते काकवीसारखे ओले राहिले आणि एका सकाळी मुंग्यांची रांग थेट पिवळ्यात जाऊन थांबली होती. आपल्याकडे साधे डिंकाचेच बरे.

आणि समुद्राच्या पाण्याने रंगवू नका. हसू नका, मी केलंय. आंजर्ल्याला बाटली घरी राहिली म्हणून ब्रश सरळ लाटेत बुडवला. चित्र बरं झालं होतं. पण मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे पावसाळाभर हवा त्याच्या वरच असते. ते पान आजही दर आषाढात चिकट होतं. समोरच्या पानावर त्याचा उलटा ठसा उमटलेला आहे.

ब्रश दोन पुरेत: सहा किंवा आठ नंबरचा गोल, आणि एक बारीक. पारख गावच्या गणपतीच्या शाळेत शिकलो. तिथले आखणी करणारे काका नवीन ब्रश पाण्यात बुडवून मनगटाला एक झटका द्यायचे. केस आपोआप टोकाला जुळले तर ब्रश ठेवायचा, दोन जिभा झाल्या तर परत. मूर्तीचे डोळे त्याच ब्रशाने आखायचे असत, तिथे दोन जिभा चालत नाहीत. दुकानदार पाणी लावू देत नसेल तर दुसरं दुकान बघा. खऱ्या केसांचे ब्रश बंद डब्यात टाकलेत तर कसर लागते. सिंथेटिक घ्या, सुखी राहाल.

आता कॉम्प्युटर. फोटोशॉप उत्तम आहे, पण २०१३ पासून त्याची नवी आवृत्ती एकदाच पैसे भरून मिळत नाही, वर्गणी भरत राहावी लागते. कागदावरचं चित्र साफ करायला एवढा खर्च म्हणजे माशी मारायला तोफ. गिम्प हा तसाच प्रोग्राम फुकट आहे, १९९६ पासून लोक वापरतात, आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याची ३.० आवृत्ती आली. आता बरेचसे फिल्टर मूळ चित्राला धक्का न लावता देता येतात, नंतर बदलताही येतात. थेट कॉम्प्युटरवर रंगवायचं असेल तर क्रिता. तेही फुकट, आणि त्याचे ब्रश गिम्पपेक्षा कितीतरी जिवंत. स्वीडिशमध्ये क्रिता म्हणजे खडू, नाव शोभतं. जुना लॅपटॉप मात्र त्याने दमतो.

पेनचं चित्र स्कॅन करा, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), ग्रेस्केल, म्हणजे फक्त काळ्या-राखाडी छटांत. जलरंगाला ३०० पुरेत, ए४ कागदाचे २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात. पण चपट्या, स्वस्त स्कॅनरला काचेपासून जरा वर उचललेलं काही नीट दिसत नाही, आणि आपला कागद पावसाळ्यात पापडासारखा वळतो. म्हणून मी जलरंगाचा फोटोच काढतो. इथे मात्र पाऊस आपल्या बाजूने असतो. ढगाळ दुपार, पडवी, पागोळ्यांपासून हातभर आत चित्र उभं टेकवायचं. सगळीकडून सारखा, मऊ, सावली नसलेला उजेड. स्टुडिओवाले यासाठी दिवे भाड्याने आणतात. फोन जवळ नेऊ नका, मागे सरकून झूम करा म्हणजे कडा फुगत नाहीत. चित्राशेजारी कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवा.

मग गिम्पमध्ये कलर्स मेनूतलं लेव्हल्स उघडा. डोंगरासारखा आलेख दिसेल, खाली तीन त्रिकोण. पेनच्या चित्रात उजवा त्रिकोण कागद पांढरा होईपर्यंत आत ओढायचा, डावा रेघ काळी होईपर्यंत. जलरंगात दोन्ही त्रिकोण डोंगराच्या पायथ्याशी थांबवायचे. एक पाऊल जास्त गेलात की कागदाचा पोत आणि सगळ्यात फिके वॉश गेलेच. रंगाची छटा चुकली असेल तर पांढरा पिपेट (रंग टिपायचं बटण) त्या कोऱ्या तुकड्यावर टेकवा. काम एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या फाइलमध्ये सेव्ह करा, जेपीईजी फक्त पाठवण्यापुरती.

ऑटो बटण दाबू नका. श्रावणातला आपला समुद्र राखाडी-हिरवा, चहात दूध जास्त झाल्यासारखा असतो. एकदा फोनने स्वतःहून "सुधारणा" केली आणि माझ्या हर्णैचं मालदीव झालं. कौतुक त्याच चित्राचं जास्त झालं, ते वेगळं.

पेन टॅबलेट, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून पेनने रेघ ओढायची पाटी, या चार हजारांत बसवू नका. सहा महिने कागदावर हात बसू दे. मग हौस टिकली तर वॅकॉम, हुइऑन किंवा एक्सपी-पेनचा बिनस्क्रीनचा छोटा घ्या. हात टेबलावर, डोळे समोर, ही सवय लागायला दोनेक आठवडे जातात, तोवर रेघ दारू प्यायल्यासारखी चालते. घामाने हात चिकटतो, त्याला जुना मोजा कापून करंगळीवर चढवा.

राहिली ती ठिपकेवाली वही. ती आजच इतर कागदांपासून वेगळी करा. कोरडं ऊन पडेल त्या दिवशी अंगणात नेऊन पानं कोरड्या ब्रशने झाडा, नाकाला रुमाल बांधून. जलरंगाला ती गेली. शाईही त्यात फुटेल. पण कोळसा आणि ४बी त्या पानांवर झकास धरतात, पेन्सिलीचा सराव तिच्यातच करून टाका.