‘बाळ काचेत आहे, आणि मला काहीच वाटत नाही’

एनआयसीयूबाहेरच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या, बाकड्यावर बसलेल्या आया हा प्रश्न आधी विचारत नाहीत. आधी दुधाचं विचारतात, मग वजनाचं, आणि निघता निघता दाराशी थांबून म्हणतात, ‘मॅडम, मला बाळाबद्दल मायाच येत नाहीये. असं होतं का कुणाला?’ पहिलटकरणी विचारतात, दुसऱ्या खेपेच्याही विचारतात. होतं. पुष्कळजणींना होतं. पुढची हकीकत अशा अनेकींची मिळून केलेली आहे. कुणाची ओळख पटेल असं त्यात ठेवलेलं नाही.

ती डोंबिवलीची. बाळंतपण 29व्या आठवड्यात, बाळ 1,100 ग्रॅमचं, सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर. तिला घरी सोडलं, बाळ परळच्या रुग्णालयातच. टाके दुखत असताना रोज लोकलचा प्रवास. पाचवी पुजायची की थांबायचं यावर घरात कुजबुज, आणि नावाचा विषय कुणीच काढत नव्हतं. बाळाच्या पायातल्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे हिचं नाव, एवढंच.

‘आत गेल्यावर काय करता?’

‘मॉनिटर बघते.’

‘आणि बाळाकडे?’

‘बघवत नाही. नळ्याच दिसतात. सिस्टर म्हणतात हात लावा, मी नको म्हणते. मी आई झालेय असं वाटतच नाही.’

इथे घरची माणसं ‘असं बोलू नये’ म्हणतात आणि बाई गप्प होते. माया आहे की नाही यावर मी वाद घालत नाही. मी तपशील विचारते.

‘मॉनिटरवर काय दिसतं?’

‘पाठीवर ठेवलं की ऑक्सिजन 88-89ला येतो. पालथं घातलं की 93ला राहतो. काल मी सिस्टरना तसं सांगितलं, त्यांनी पालथं केलं.’

‘तुम्हाला हे कुणी शिकवलं?’

‘कुणी नाही. दिसतंच की...’

आणि ती थांबली. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचा ऑक्सिजन पालथं असताना बरा राहतो हे डॉक्टरांना ठाऊक असतं. हिने ते नुसतं बघून ओळखलं होतं. ज्याचं काही वाटत नाही त्याच्याकडे कुणी असं तासन्‌तास बघत बसत नाही. मी एवढंच म्हटलं, ‘तुमच्या बाळाला काय मानवतं हे तुम्हाला कळतंय.’ ती रडायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘आकडा चांगला असला की जास्त भीती वाटते. आशा लागते ना.’

गाठ इथेच असते. मन हात आखडता घेतं, कारण गमावण्याचं दुःख त्याने आगाऊच भोगायला घेतलेलं असतं. म्हणून ‘सकारात्मक राहा’ हा सल्ला अशा आईला टोचतो. माझं मत स्पष्ट आहे: माया दाटून येण्याची वाट बघत बसू नये. हाताला काम द्यावं, माया मागून येते. हा क्रम मला क्वचितच दगा देतो.

पहिलं काम स्पर्शाचं. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवायचे, हात गरम झाले की एक तळवा डोक्यावर, दुसरा पावलांशी, आणि स्थिर ठेवायचा. कुरवाळायचं नाही, इतक्या कोवळ्या मज्जासंस्थेला हलकं चोळणं सोसत नाही. बाळाने बोटं फाकवली, उचकी लागली, रंग बदलला तर दचकून हात काढू नये, तसाच शांत ठेवावा आणि सिस्टरना सांगावं.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असं धरणं. सीपॅपवर असतानाही ती करता येते. एका वेळी निदान तासभर तरी, कारण उचलून ठेवण्याचाच बाळाला ताण होतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 8 ते 24 तास सांगते. लोकलने येणाऱ्या आईला ते जमेलच असं नाही, म्हणून बाबांनीही शर्टाची बटणं काढून बसावं. बाबांना नाहीतरी बिल आणि औषधं सोडून कुणी काही विचारत नाही.

दूध 24 तासांत किमान 8 वेळा काढायचं, त्यातलं एकदा रात्री. कमी आलं तर तो पराभव नाही. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 पासून मिल्क बँक, म्हणजे इतर आयांनी दान केलेल्या दुधाची पेढी, चालू आहे ती अशाच बाळांसाठी.

अलार्म वाजला की आधी बाळाचा रंग आणि छाती बघावी, मग पडदा. कितीतरी वेळा पायाला लावलेला, ऑक्सिजन मोजणारा प्रोब सरकलेला असतो. नातेवाइकांसाठी घरातल्या एकाच माणसाने, राउंड झाल्यावर, दिवसातून एक मेसेज टाकावा. ‘वजन किती झालं?’चे पंधरा फोन आईने घेऊ नयेत.

आणि जे माझ्या हातातलं नाही तेही सांगते. बाळंतपणानंतरचं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, झोपायची सवड असूनही झोप लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या असतात. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले किंवा नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर त्याच दिवशी, आणि आईला एकटीला सोडू नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फोन रात्रंदिवस चालू असतो, मोफत.

डोंबिवलीच्या बाईंची भीती डिस्चार्ज ठरल्यावर पुन्हा उसळली. मॉनिटर नसेल तर कळणार कसं? हेही नेहमीचंच. घरी जाण्याआधी एक-दोन रात्री बाळासोबत वॉर्डमध्ये राहू द्या, अशी मागणी करावी, श्वास अडकला तर काय करायचं ते बाहुलीवर शिकून घ्यावं. आणि तिला एक गोष्ट मुद्दाम उलटी शिकवावी लागली: पालथं झोपवणं मॉनिटर असेपर्यंतच. घरी बाळ झोपेल ते पाठीवरच.