डिस्क ‘फॉरमॅट करा’ म्हणतेय: आधी पूर्ण प्रत, मग बाकी सगळं

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरमधल्या सदस्याचा प्रश्न वाचला. २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क, त्यात लग्नाचे फोटो आणि वडिलांची स्कॅन केलेली कागदपत्रं. आधी फोल्डर उघडायला खूप वेळ लागायचा, आता विंडोज कधी फोल्डर दाखवतं, कधी फॉरमॅट करायला सांगतं. एक नातेवाईक म्हणतात विंडोजचं दुरुस्तीचं चेकडिस्क चालवा, दुसरे म्हणतात वॉरंटीत आहे ना, देऊन टाका. हेच दुखणं आमच्याही घरी येऊन गेलंय, म्हणून सविस्तर लिहिते. दोन्ही सल्ले सध्या बाजूला ठेवा. डिस्क काढून ठेवा आणि ‘बघू पुन्हा चालते का’ म्हणून परत-परत लावू नका. विंडोजला जोडली की ते आपणहून थंबनेल बनवतं, इंडेक्स करतं, वर अँटिव्हायरस स्कॅन सुरू होतो. कमजोर हेडला (डिस्क वाचणाऱ्या टोकाला) हा भार नको.

केबल, पोर्ट, हब हे बदलून पाहिलं असेल असं धरते. त्याबद्दल एकच सांगते. डिस्कच्या प्रकृतीचे आकडे (स्मार्ट) क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये दिसतात. त्यात १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल आणि ५, १९७, १९८ शून्य असतील, तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे. तो शून्याहून जास्त दिसला की डिस्कवर विश्वास संपला. हे आकडे सुरुवातीला हेक्समध्ये दिसतात, सेटिंगमध्ये दशमान करून घ्या. उलट सगळं निळं ‘गुड’ दिसलं तरी निर्धास्त राहू नका. गूगलने २००७ मध्ये आपल्या डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात बिघडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी तापमान सोडून स्मार्टच्या कुठल्याही आकड्यात इशारा दिला नव्हता.

आता चेकडिस्क. ते फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही) दुरुस्त करतं, डिस्क नाही. जी नोंद वाचता येत नाही ती ते काढून टाकतं आणि सापडलेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये अर्थहीन नावांनी टाकतं. निरोगी डिस्कवर लाइन गेल्यामुळे गडबड झाली असेल तर ते उपयोगी आहे. पण हेड मधूनमधून वाचत असेल, तर आज न वाचता आलेली नोंद उद्या वाचता आली असती, आणि ती आपणच पुसून बसतो. डिस्क पूर्ण ‘रॉ’ (फाइल सिस्टिमच न ओळखलेली) दिसत असली की चेकडिस्क चालायलाच नकार देतं. तुमच्यासारखी मध्येच ओळखली जाणारी डिस्क मात्र त्याच्या तावडीत सापडते. ‘आर’ पर्याय दिला तर प्रत्येक सेक्टर वाचला जातो. २ टीबीवर ते तासन्‌तास चालतं, आणि आजारी डिस्क त्यातच जाऊ शकते.

‘क्विक फॉरमॅट करा, डेटा नंतर काढता येतो’ हेही ऐकू नका. जुन्या डिस्कांना ते बरचसं लागू होतं. आज विकल्या जाणाऱ्या २.५ इंची डिस्कांपैकी बहुतेक एसएमआर पद्धतीच्या आहेत, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले. त्यातल्या काही, उदाहरणार्थ डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटल) काही डिस्का, ट्रिम समजतात, म्हणजे ‘ही जागा आता लागत नाही’ हा विंडोजचा निरोप. फॉरमॅटनंतर विंडोजने ट्रिम पाठवला की डिस्क त्या जागा रिकाम्या समजते आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरला नुसती शून्यं देते.

वॉरंटीचं जरा जास्त लिहिते, कारण आमचं सर्वांत मोठं नुकसान तिथेच झालं. सर्व्हिस काउंटरचं नाव घेत नाही. डिस्क लावली, चाचणी ‘फेल’ आली, फॉर्मवर सही घेतली, बदली डिस्क हातात दिली. ‘आतल्या फोटोंचं काय?’ असं विचारलं की फॉर्मवरच्या बारीक अक्षरातल्या ओळीवर बोट. डेटा हवा असेल तर आधी काढून घ्या, हे एक वाक्य सही घेण्याआधी सांगायला काय हरकत आहे? लोकांच्या आयुष्यभराच्या गोष्टी त्या काउंटरवरून जातात आणि तिथे बोललं जातं फक्त सिरियल नंबरबद्दल. याचा राग मला आजही आहे. तेव्हा पक्कं लक्षात ठेवा: वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही. जुनी डिस्क सहसा परत येत नाही आणि बदली डिस्क नवी कोरी असेलच असंही नाही. काही मॉडेलवर कंपनीची रिकव्हरी सेवा सोबत असते. ती तुमच्या मॉडेलला आहे का ते डिस्क देण्याआधी लेखी विचारा. आणखी एक, आधार-पॅनचे स्कॅन असलेली, एन्क्रिप्ट न केलेली डिस्क घराबाहेर जाते आहे, हेही ध्यानात असू द्या. वॉरंटीची मुदत संपायला वेळ असेल तर घाईचं कारण नाही. डेटा निघाल्यावरही बदलून घेता येते, फक्त केस उघडू नका.

मग करायचं काय? डिस्क टक-टक करून राहिली असेल, बीप-बीप असा बारीक आवाज येत असेल, फिरतच नसेल किंवा क्षमता शून्य दाखवत असेल, तर घरी काहीही करू नका, थेट रिकव्हरी लॅब. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय अजून फिरतो. त्याने आत दव धरतं आणि प्लॅटर (आतल्या तबकड्या) खराब होतात. लॅबला चार गोष्टी विचारा: आधी इमेज (डिस्कची हुबेहूब पूर्ण प्रत) घेता का, स्वच्छ हवेच्या कक्षात उघडता का, डेटा निघाला नाही तर किती पैसे, आणि मूळ डिस्क परत देता का. काउंटरवरच स्क्रूड्रायव्हर काढणाऱ्याकडून डिस्क परत घ्या.

आवाज नेहमीचा असेल आणि क्षमता बरोबर दिसत असेल, तर डीडीरेस्क्यू, म्हणजे बिघडत्या डिस्कची इमेज काढणारं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, म्हणजे विंडोज मध्ये येणार नाही. इमेजसाठी मोठी निरोगी डिस्क लागते, २ टीबीला ४ टीबीची घ्या. ‘एलएसबीएलके’ या लिनक्स कमांडने कुठली डिस्क कोणत्या नावाने आलीय ते आकार आणि मॉडेलवरून दोनदा तपासा. मूळ आणि प्रत यांची अदलाबदल झाली तर सगळं संपलं. पहिल्या फेरीला ‘एन’ पर्याय द्या: जे सहज वाचता येतं ते आधी निघतं, अडलेले भाग मागे राहतात. मॅपफाइल (किती वाचून झालं याची नोंद) द्यायला विसरू नका, तिच्यामुळे मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. दुसऱ्या फेरीत ‘आर ३’, म्हणजे अडलेल्या जागांवर तीन प्रयत्न. मध्येच टक-टक सुरू झाली तर थांबवा आणि लॅब गाठा. पुढची सगळी खटपट इमेजवर, मूळ डिस्कवर नाही. डीएमडीई या रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० फाइल निघतात, घरगुती कामाला पुष्कळ. फोटोरेक शेवटचा उपाय, कारण त्यात फाइलची नावं आणि फोल्डर जातात.

केस फोडून आतली डिस्क पीसीला लावायचा विचार असेल तर सोडून द्या. डब्ल्यूडीच्या अनेक पोर्टेबल डिस्कांत यूएसबीचं तोंड डिस्कच्या सर्किट बोर्डवरच असतं, पीसीला लावायची साटा जोडणी मिळत नाही. त्यांच्याच माय पासपोर्टमध्ये तर पासवर्ड ठेवला नसला तरी डेटा हार्डवेअरनेच एन्क्रिप्ट झालेला असतो, त्यामुळे बोर्ड बदलूनही भागत नाही.

पुढच्यासाठी थोडं, हे माझं मत आहे. सीताबर्डीच्या बाजारातून दोन डिस्का आणा, वेगवेगळ्या कंपनीच्या. आणल्या दिवशी सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर तपासा आणि डिस्क एकदा पूर्ण भरून वाचून घ्या, एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या प्रोग्रामने होतं. एक घरी, एक दुसऱ्या घरी, वर्ध्याला बहिणीकडे असली तरी चालेल. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा तळमजल्यांवर पाणी शिरलं होतं, एकाच कपाटातल्या दोन प्रती सोबतच भिजतात. भिजलेली डिस्क उन्हात वाळवून चालू करू नका, तशीच पिशवीत बंद करून लॅबला द्या.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. माय पासपोर्टसारख्या डिस्कांना चालवण्याची कमाल मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते, आणि मे महिन्यात, नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तर नक्कीच, आपली खोलीच त्याच्या वर असते. मोठी कॉपी पहाटे करा, डिस्कवर कापड किंवा पुस्तक ठेवू नका, पंख्याची हवा लागू द्या. कूलरच्या झोताखाली मात्र नको, ती हवा ओली असते. स्मार्टमध्ये ५५ अंश दिसले की थांबा. एसएमआर डिस्कचा वेग लांबच्या कॉपीत एकदम पडतो, तो बिघाड नाही, थोडा वेळ द्या. ३.५ इंची डिस्क अ‍ॅडॅप्टरवर चालते, ती यूपीएसशिवाय लावू नका.

‘एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) घ्या’ असंही कुणी सांगेल. रोजच्या कामाला उत्तम, वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला माझ्या मते नाही. जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीची अपेक्षा अशी आहे की लिहिण्याची क्षमता संपल्यावर, वीज नसताना, ३० अंशांना एक वर्ष डेटा टिकावा. नवी एसएसडी बरीच जास्त टिकते, पण गरमीत ही मुदत घटते.

बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा, रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कवरही चालतं. मिरर सिंक जपून वापरा, चुकून पुसलेला फोल्डर तो प्रतीतूनही पुसतो. टेराकॉपी या कॉपी करणाऱ्या प्रोग्राममध्ये व्हेरिफाय (प्रत मूळाशी पडताळणं) चालू ठेवा.

मी रिकव्हरीचा व्यवसाय करत नाही आणि डिस्क समोर नसताना खात्री कुणीच देऊ शकत नाही. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर इथे लिहा, सिरियल नंबर झाकून. आवाज कसा येतो तेही सांगा. त्यावरून घरी इमेज घ्यायची की थेट लॅबला न्यायची, ते ठरवता येईल.