लग्नाचा चाळिसावा वाढदिवस, तीन कोटेशने आणि एक गुडघा

सप्रेम नमस्कार.

पुढील वर्षी मे महिन्यात आपल्या विवाहास ४० वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या निमित्ताने बार्सिलोना ते अथेन्स असा दहा रात्रींचा जलप्रवास करावा, अशी आपली इच्छा आहे. एजंटाने दिलेली तीन कोटेशने आपण रावपुऱ्यातील माझ्या कार्यालयात ठेवून गेलात. पहिले अतिआलिशान लहान जहाजाचे, दोघांचे १३ लाख ८० हजार रुपये; दुसरे प्रचंड मोठ्या जहाजावरील बाल्कनीच्या खोलीचे, ३ लाख ९० हजार; तिसरे केवळ प्रौढांसाठी असलेल्या मध्यम आकाराच्या जहाजाचे, ८ लाख ६० हजार. विमानप्रवास, व्हिसा आणि आधीच्या रात्रीचे हॉटेल यांसाठी तिन्हींमध्ये सुमारे २ लाख २० हजार वेगळे धरावे लागतील. आपला कल पहिल्याकडे आहे, वहिनींचा दुसऱ्याकडे, आणि खर्च परवडेल का एवढेच आपण मला विचारले आहे.

परवडण्याचे उत्तर आधी देतो. सुपरॲन्युएशनची ठरावीक पेन्शन ४६,००० रुपये आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील ३० लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीस मिळणारे ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याचे ६६,५०० रुपये आपल्या हाती येतात आणि घरखर्च ५८,००० आहे. आज शिल्लक पडते, म्हणून ४५ लाखांचे म्युच्युअल फंड ही आपल्याला वरची, हौसेला मोकळी असलेली रक्कम वाटते. ती तशी नाही. महागाई सहा टक्के धरली तर तिसऱ्या वर्षी खर्च उत्पन्नाला ओलांडतो आणि दहाव्या वर्षी तो १ लाख ४ हजारांच्या घरात जातो, कारण पेन्शन आणि व्याज दोन्ही जागच्या जागी राहणार आहेत. त्या वर्षाची तूट साडेचार लाखांची आहे आणि ती या फंडांतूनच भरून निघायची आहे. तेव्हा प्रवास अवश्य करा. मात्र पहिल्या आणि तिसऱ्या जहाजातील फरक म्हणजे दहाव्या वर्षाच्या जवळजवळ बारा महिन्यांची तूट आहे, हे ध्यानात घेऊन करा.

हा फरक नेमका किती, हे कोटेशनच्या पहिल्या पानावरून कळत नाही. पहिल्या जहाजाच्या भाड्यात किनाऱ्यावरील सहली, टिप्स, इंटरनेट आणि मद्य हे सर्व आले आहे. दुसऱ्यात जेवण आणि खोली यांखेरीज फारसे काही नाही. एक डॉलर ९० रुपये धरून मी हिशेब मांडला: माणशी दररोज १८ डॉलर टिप्सचे दोघांचे ३२,०००, इंटरनेटचे ३६,००० आणि सात बंदरांवरील सहलींचे सुमारे १ लाख ३८ हजार, असे ३ लाख ९० हजारांचे भाडे ५ लाख ९६ हजारांवर जाते. तिसऱ्यात प्रत्येक बंदरावरील एक सहल भाड्यातच आहे; टिप्स आणि एखाद-दुसरी जादा सहल मिळून ८५ हजार वाढतील, म्हणजे ९ लाख ४५ हजार. खरी तुलना १३.८०, ९.४५ आणि ५.९६ या आकड्यांची आहे.

आता पहिल्या आणि तिसऱ्यातील ४ लाख ३५ हजारांत आपल्याला काय मिळते ते पाहू. आपण दोघेही मद्य घेत नाही, रात्री दहाला झोपता आणि पहाटे पाचला उठता. जहाजावरील अमर्याद शॅम्पेन आणि मध्यरात्रीपर्यंत उघडी राहणारी दालने यांची किंमत त्या भाड्यात मिसळलेली आहे आणि ‘मला ते नको’ म्हटल्याने ती कमी होत नाही. ज्याने ताटातले निम्मे पदार्थ खायचेच नाहीत त्याने थाळी मागवावी, असा हा प्रकार आहे. सुइटची खास सेवा आपल्याला आवडेल यात शंका नाही, परंतु दिवसाचे सहा तास आपण बंदरावर आणि सात तास झोपेत असणार.

मोकळेपणाला मात्र मी मोल देतो आणि तो मोजताही येतो. जहाजाचे ग्रॉस टनेज हे वजन नसून आतील जागेचे माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागले की माणशी किती जागा येते त्याचा अंदाज मिळतो. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे सुमारे २ लाख ४८ हजार टनेजचे जहाज दोघांच्या खोल्यांच्या हिशेबाने ५,६१० प्रवासी घेते, म्हणजे माणशी ४४. ‘सेव्हन सीज एक्सप्लोरर’ या लहान आलिशान जहाजाचा हाच आकडा सत्तरीच्या पुढे जातो. आपल्या तिसऱ्या कोटेशनमधील जहाज ५१ वर आहे. पन्नासच्या पुढे गर्दी अंगावर येत नाही, असे माझ्या ग्राहकांच्या अनुभवावरून मी मानतो. ज्याचा हा आकडा चाळिशीत आहे अशा एका जहाजावर मी स्वतः चार रात्री काढल्या आहेत. न्याहारीच्या वेळी लिफ्टचे दार उघडे, आत माणसे खचाखच, पुन्हा दार बंद, असे मी सातव्या मजल्यावर उभा राहून बारा मिनिटे पाहिले आणि शेवटी जिन्याने चढलो. माझे गुडघे शाबूत होते म्हणून.

गुडघ्यावरून आठवले. दुसऱ्या कोटेशनच्या समासात पेन्सिलने बारीक अक्षरांत ‘लिफ्ट? पायऱ्या? माझा गुडघा?’ असे लिहिलेले आहे. हस्ताक्षर आपले नाही. या सगळ्या कागदांतील सर्वांत कामाचा प्रश्न तोच आहे आणि एजंटाने त्याचे उत्तर दिलेले दिसत नाही. तिन्ही मार्गांवर सँटोरिनी आहे. तेथे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटीने, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीतून धक्क्यावर पाय टाकताना खलाशी कोपराला धरतो, पण ते पाऊल आपले आपल्यालाच उचलावे लागते, मग जहाज कितीही महाग असो. वर गावात जायला रोपवे आहे किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या. नऊशे प्रवाशांची रोपवेची रांग आणि चार हजारांची रांग यांत फरक पडतो, तेवढ्यापुरता जहाजाचा आकार वहिनींच्या उपयोगी आहे. रोमचे बंदर चिवितावेक्किया शहरापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. तेथील दिवसभराच्या सहलीत चालणे किती, हे एजंटाकडून लेखी मागवा.

या कारणांसाठी माझी पसंती तिसऱ्या जहाजाला आहे, आणि त्यातही सर्वांत खालच्या दर्जाच्या बाल्कनीच्या खोलीला. भोजनगृह, ग्रंथालय, डेक सर्वांना सारखेच असतात. वरच्या दर्जाच्या खोलीसाठी एजंट आग्रह करील, तो मानू नये. दुसरे कोटेशन चुकीचे नाही. वहिनींचा गुडघा धड असता तर मी तेच सुचवले असते.

पैसे कसे काढावेत, याबद्दल. बचत योजनेला हात लावू नका. मुदतीआधी मोडल्यास दंड आहे आणि आपले महिन्याचे गणित तिच्यावर उभे आहे. आपली १२ लाखांची मुदत ठेवही आजारपणासाठी राहू द्या. फंडांपैकी अडीच लाख आपल्या आणि अडीच लाख वहिनींच्या नावावरचे या मार्चमध्ये विका, आणि तेवढेच पुन्हा एप्रिलमध्ये. विवरणपत्रावरून जुन्या युनिट्समध्ये निम्मी रक्कम नफ्याची दिसते. समभाग फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर प्रत्येकाला दरवर्षी सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के आहे. दोन आर्थिक वर्षे आणि दोन नावे मिळून दहा लाख रुपये कर न भरता हाती येतील. ते लिक्विड फंडात, म्हणजे शेअर बाजाराशी संबंध नसलेल्या अल्प मुदतीच्या फंडात ठेवावेत, कारण उरलेली रक्कम जहाज सुटण्याच्या तीन ते पाच महिने आधी भरायची असते, आणि तोवर शेअर बाजार कोठे जाईल यावर सहल अवलंबून असू नये. उरलेल्या दीड-पावणेदोन लाखांपैकी बहुतेक रक्कम मासिक शिल्लकीतून जमवा. भाडे डॉलरमध्ये ठरलेले आहे, म्हणून पाच टक्के जास्तीचे बाजूला असू द्या.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, गोळा करतो. ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाखांवर आणि एप्रिल २०२५ पासून १० लाखांवर त्याचा दर २० टक्के होता. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात तो १ एप्रिल २०२६ पासून सरसकट २ टक्के करण्याचे जाहीर झाले. म्हणून बुकिंग एप्रिलमध्ये करा. हा खर्च नव्हे, आपल्या खात्यावर जमा होणारा कर आहे. विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो, मात्र ज्याच्या पॅनवर पैसे भरले त्यालाच.

मार्गात मॉन्टेनेग्रोमधील कोटर हे बंदर आहे आणि ते शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे, त्यामुळे व्हिसा एकदाच प्रवेश देणारा चालणार नाही. त्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. जहाजावरील डॉक्टरचे बिल थेट खोलीच्या खात्यावर चढते, ते आधी आपणच भरायचे असते. आपला रक्तदाब विम्याच्या अर्जात लपवू नका, आणि पॉलिसी बुकिंगच्या आठवड्यातच घ्या, म्हणजे सहल रद्द करण्याचे संरक्षण तेव्हापासून लागू होईल.

एक अट मी घालतो. दोघांचा मिळून आपला आरोग्य विमा केवळ पाच लाखांचा आहे. पाच लाखांच्या वर लागू होणारी २० लाखांची सुपर टॉप-अप पॉलिसी जहाजाची आगाऊ रक्कम भरण्याआधी घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याच सुमारास करावी लागेल असे डॉक्टरांनी वहिनींना सांगितल्याचे आपणच लिहिले आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, त्यामुळे हप्त्याची जुनी चौकशी पुन्हा करून पाहा. त्या पॉलिसीची प्रत आणि टेंडरच्या बंदरांची यादी घेऊन दोघेही या; वहिनींना बरोबर आणायला विसरू नका.