नवीन ब्रॉडबँड घेतलंय? आधी एवढंच करा

भाऊ, व्हीपीएन (नेटवरची ये-जा गुप्त ठेवणारी सेवा) वगैरे सध्या राहू द्या. आधी राउटर, म्हणजे घरात वायफाय देणारा तो डबा. बसवणारा बऱ्याचदा तुमचाच मोबाईल नंबर पासवर्ड म्हणून टाकून जातो, आणि तो निम्म्या गल्लीला पाठ असतो! राउटरखालच्या स्टिकरवर १९२.१६८.१.१ असा पत्ता असेल, तो ब्राउझरमध्ये उघडा.

- वायफायचा पासवर्ड बदला, ॲडमिनचाही, म्हणजे राउटरची सेटिंग उघडायचा. नवशिके दुसरा हमखास विसरतात.
- सुरक्षा (वायफाय एन्क्रिप्ट करायची पद्धत) डब्ल्यूपीए२ किंवा ३ निवडा, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद.
- विंडोजची फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी) चालूच ठेवा. एखादा गेम अडला म्हणून अख्खी फायरवॉल बंद करतात लोक. त्या गेमपुरती परवानगी द्या की!

भुसावळ स्टेशनच्या वायफायला लॅपटॉप जोडलात तर नेटवर्क 'पब्लिक' निवडा, म्हणजे तिथल्या इतरांना तुमचा लॅपटॉप दिसत नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मशीन झेपत असेल तर ११ टाका.