आंतरराष्ट्रीय संबंध शिकून पुढे काय?

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची पदवी आणि त्यानंतरच्या नोकऱ्या यांबद्दल वाचकांनी विचारलेले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. तिला आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करायचंय. घरात सगळे म्हणतात, याला नोकरी नाही. खरं काय धरायचं? – एक पालक, सांगली

नोकऱ्या आहेत, पण त्या या नावाने निघत नाहीत. ‘आंतरराष्ट्रीय संबंधांचे पदवीधर हवेत’ अशी जाहिरात शोधत बसलं, तर वर्ष निघून जातं. ही मुलं लागतात त्या जागांना संशोधन सहायक, व्यापार धोरण विश्लेषक, निर्यात विभागातला अनुपालन अधिकारी, वृत्तसंस्थेच्या परराष्ट्र डेस्कवरचा उपसंपादक अशी नावं असतात. मुंबईतल्या परदेशी वाणिज्य दूतावासांत व्हिसा, व्यापार आणि राजकीय विभागांसाठी भारतीय कर्मचारी घेतले जातात. त्यांच्या जाहिराती बहुधा त्यांच्याच संकेतस्थळावर, एकेका जागेच्या आणि थोड्या मुदतीच्या असतात. म्हणून दर सोमवारी दहा-बारा संकेतस्थळं बघायची सवयच लावून घ्यावी लागते.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते निर्यातीच्या कामाकडे. संयुक्त अरब अमिरातींशी झालेला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाशी झालेला २९ डिसेंबर २०२२ पासून. करार झाला म्हणून शुल्कातली सवलत आपोआप मिळत नाही. मालाचा एचएस कोड, म्हणजे जगभर वापरला जाणारा मालाचा वर्गीकरण क्रमांक, अचूक लागतो, तो माल मूळचा भारतातलाच ठरतो का हे करारातल्या नियमांवर तपासावं लागतं, आणि मग मूळ देशाचा दाखला घ्यावा लागतो. काही यंत्रं, रसायनं आणि सॉफ्टवेअर नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांना चालतात. ती सरकारच्या ‘स्कोमेट’ या नियंत्रित मालाच्या यादीत येतात आणि परवान्याशिवाय बाहेर पाठवता येत नाहीत. शेकडो पानांचा करार शांतपणे वाचून ‘आपल्या मालाला हे कलम लागतं’ असं सांगणारं माणूस कारखान्याला हवंच असतं. पुण्याच्या आणि छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात राहून हे काम करता येतं, दिल्ली गाठावी लागत नाही.

प्रवेश घेण्याआधी मात्र एक गोष्ट तपासा : पदवी प्रमाणपत्रावर नेमकं काय छापून येणार आहे? आपल्याकडच्या महाविद्यालयांत प्राध्यापकाच्या जागा सहसा ‘राज्यशास्त्र’ या नावाने निघतात. प्रमाणपत्रावर नुसतं ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ असेल तर हा ‘संबंधित विषय’ धरायचा का, यावर छाननीत अर्ज अडकू शकतो. शिकवण्याची थोडीही इच्छा असेल तर ‘राज्यशास्त्र’ नावात असलेला अभ्यासक्रम निवडा आणि प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, म्हणजे नेट किंवा सेट, त्याच विषयात द्या. नेटमध्ये राज्यशास्त्र वेगळं आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा गट वेगळा, हे फॉर्म भरताना लक्षात राहत नाही. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात, त्यापुढे ४२,०००. ती नसेल तर तासिका तत्त्वावर काढलेली वर्षं फार ओढाताणीची जातात, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : मला परराष्ट्र सेवेतच जायचंय. या विषयातल्या एम.ए.चा यूपीएससीला किती उपयोग होईल? – विद्यार्थी, अहिल्यानगर

पात्रतेसाठी काहीच नाही, कुठलीही पदवी चालते. परराष्ट्र सचिव झालेले विजय गोखले इतिहासाचे एम.ए. आहेत. परराष्ट्र मंत्री एस. जयशंकर यांची पीएच.डी. मात्र आंतरराष्ट्रीय संबंधांतली, जेएनयूची.

गुणांचा हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होतं. मुख्य परीक्षेचे १,७५० आणि मुलाखतीचे २७५, म्हणजे एकूण २,०२५. ‘राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ हा वैकल्पिक विषय घेतला तर २५० गुणांचा दुसरा पेपर बहुतांश तुमच्या अभ्यासाचा असतो. सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरातही एक भाग येतो. पण वैकल्पिकचा पहिला पेपर राजकीय सिद्धांत आणि भारतीय शासन-राजकारणाचा आहे, तोही २५० गुणांचाच. एम.ए.ला दोन वर्षं नाटो आणि हिंद-प्रशांत क्षेत्र वाचलेली मुलं इथे ॲरिस्टॉटल, ग्राम्शी आणि राज्यघटनेवर गुण घालवतात.

त्याआधी पूर्वपरीक्षेतली सी-सॅट, म्हणजे गणित, तर्क आणि आकलनाचा पेपर, आहे. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, २०० पैकी ६६ मिळाले की पास. एकही उत्तर चुकलं नाही तर २७ प्रश्नांत काम होतं, पण तीन चुकले की एका बरोबर उत्तराचे गुण जातात. कला शाखेची हुशार मुलं गणिताला घाबरून हा पेपर शेवटच्या पंधरवड्यावर ढकलतात आणि तिथेच बाद होतात. पहिल्या महिन्यापासून आठवड्यातले तीन तास त्याला द्या.

परराष्ट्र सेवेच्या जागा २०२२च्या परीक्षेला ३८ होत्या, २०२३ला ३७ आणि २०२४ला ५५. त्याही सगळ्या प्रवर्गांत वाटलेल्या. खुल्या प्रवर्गाला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा प्रयत्न मिळतात. आमचं मत विचाराल तर दोन प्रयत्न पूर्ण ताकदीने द्या, आणि तिसऱ्याच्या आधी कुठेतरी कामाला लागा. कोऱ्या अनुभवाने तिशी गाठलेल्या मुलांना नंतर फार जड जातं, आणि ते बघवत नाही.

याच मंत्रालयात जायची दुसरी वाट म्हणजे कर्मचारी निवड आयोगाची पदवीधर स्तराची परीक्षा. तिच्यातून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी नेमले जातात. वय २० ते ३०, मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून, आणि पाळीपाळीने परदेशातल्या भारतीय दूतावासांत नेमणूक. राजदूताचं पद इथून सहज मिळत नाही, पण दूतावास आतून कसा चालतो हे इथे जितकं कळतं तितकं कुठल्याच पुस्तकातून कळत नाही. पसंतीक्रमात हे पद वर लिहायला विसरू नका.

प्रश्न : एम.ए. होऊन वर्ष झालं. संशोधन संस्थांना वीसेक अर्ज पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही. चुकतंय काय? – वाचक, पुणे

तुम्ही अर्जासोबत पाठवलेला लेखनाचा नमुना आम्ही पाहिला. प्रबंधातलं ३८ पानांचं प्रकरण, विषय ‘भारत-चीन संबंध : आव्हाने आणि संधी’. अडलंय ते इथेच. निवड करणाऱ्याच्या हातात असे पन्नास नमुने असतात आणि प्रत्येकाला मिळतात पाचेक मिनिटं. त्यात त्याला एवढंच बघायचं असतं, की हा मुलगा एक नेमका प्रश्न धरून, आकडे तपासून, दोन-तीन पानांत निष्कर्षाला येतो का.

विषय जवळचा घ्या. कांदाच घ्या. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, ८ डिसेंबर २०२३ला निर्यात बंद केली. ४ मे २०२४ला ती उघडली, पण टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क अशा अटींवर. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान भावाची अट गेली आणि शुल्क निम्म्यावर आलं, १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्ण गेलं. लासलगावच्या बाजार समितीत यावर रोज बोललं जातं, पण या वीस महिन्यांत बांगलादेशसारखा शेजारी आपल्यावर किती विसंबून राहिला हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न आहे. तुमचं टिपण त्याच प्रश्नाचं.

टिपण १,२०० शब्दांचं ठेवा. पहिल्या परिच्छेदातच सांगून टाका, की कोणत्या मंत्रालयाने काय बदलावं. ‘प्रस्तुत निबंधात आपण पाहणार आहोत’ या वाक्याने सुरुवात झाली की वाचणारा पान उलटतो. मग तारखांचा क्रम सहा-सात ओळींत, प्रत्येक तारखेला विदेश व्यापार महासंचालनालयाची किंवा अर्थ मंत्रालयाची अधिसूचना उघडून पाहिलेली. वर्तमानपत्रातल्या बातमीवर भिस्त ठेवू नका.

त्यानंतर आकडे. कांद्याचा सहा अंकी एचएस कोड ०७०३१०. वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यात-आयात आकडेवारीतून पाच वर्षांची देशवार निर्यात उतरवून घ्या आणि बांगलादेशाचा वाटा काढा. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, आणि संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या व्यापार आकडेवारीचं नेहमीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. दोन्ही एका तक्त्यात घातले की डिसेंबर २०२३ची बंदी भलत्याच वर्षात जाऊन पडते. म्हणून महिन्यागणिक आकडे घ्या. दुसरं, रुपयांत मोजू नका, टनांत मोजा. भाव चढलेला असताना माल कमी जाऊनही रक्कम वाढलेली दिसते. तिसरं, बांगलादेशाने दुसरीकडून किती कांदा घेतला हे त्याच्या आकड्यांत वेळेवर मिळालं नाही तर विकणाऱ्या देशांची निर्यात बघा. तेच व्यवहार पलीकडच्या बाजूने दिसतात. एवढं करून एकच तक्ता छापा, चार नकोत.

शेवटचे ३०० शब्द पर्यायांना द्या : बंदीऐवजी सरकार-ते-सरकार कोटा, शेजाऱ्याला आगाऊ सूचना, की साठा. प्रत्येकाची किंमत कोण मोजतो तेही लिहा – दिंडोरीचा शेतकरी, मुंबईचा ग्राहक की ढाक्यातली आपली पत. हे लिहिता आलं तर मुलाखतीत बोलायला विषय आपोआप मिळतो.

टिपण तयार झालं की ते कुठल्याही कार्यालयाच्या सामान्य पत्त्यावर टाकू नका. त्या विषयावर लिहिणाऱ्या संशोधकाला नावानिशी, दीडशे शब्दांच्या ईमेलसोबत पाठवा, आणि त्यांचा कोणता लेख वाचून हे सुचलं ते सांगा. व्यापारासाठी मुंबईतलं गेटवे हाऊस, ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशनचं मुंबई कार्यालय आणि पुणे इंटरनॅशनल सेंटर बघा. संरक्षणाचा विषय असेल तर दिल्लीतली, १९६५ साली स्थापन झालेली मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास संस्था. सुरुवातीच्या जागा बहुतेक कराराच्या असतात. मुदत संपायच्या चार महिने आधी पुढची शोधायला लागा.

प्रश्न : सोबत एखादी परदेशी भाषा शिकावी म्हणते. कोणती घेऊ? – विद्यार्थिनी, पणजी

भाषेच्या आधी प्रदेश ठरवा. आखातावर काम करायचं तर अरबी, पूर्व आशियावर करायचं तर चिनी किंवा जपानी. तुम्ही गोव्यात आहात, तर पोर्तुगीजचा विचार आधी करा. गोवा विद्यापीठात ती शिकवली जाते, आणि ब्राझील, अंगोला, मोझांबिक हे सगळे पोर्तुगीज राजभाषेचे देश आहेत. आपल्या डाळीतली बरीच तूर मोझांबिकमधून येते, त्यासाठी दोन्ही सरकारांचा करारही २०१६ साली झाला. अशा देशावर त्याच्याच भाषेत वाचणारी माणसं भारतात मोजकी आहेत.

भाषा अर्धवट सोडली तर वेळ फुकट जातो. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये प्रमाणपत्र वर्ग पूर्ण करून थांबणारे पुष्कळ, पण कामाला ते पुरत नाही. युरोपीय भाषांत बी-२ आणि जपानीत एन-२ ही कामापुरती भाषा येण्याची पातळी झाल्याशिवाय बायोडेटात भाषा लिहून फारसा फरक पडत नाही. रोज दोन तास दिले तरी बी-२ला दीड-दोन वर्षं धरा, जपानीला त्याहून जास्त. जपानीची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, फॉर्म काही महिने आधीच निघतो.

प्रश्न : कर्ज काढून अमेरिकेत एम.ए. करावं का? तिथून संयुक्त राष्ट्रांत जाता येईल? – वाचक, नागपूर

कर्ज फेडायचा हिशेब आधी करा. शिक्षणानंतर तिथे काम करायची मुभा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना ३६ महिन्यांपर्यंत मिळते. आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी सहसा त्या यादीत नसते, म्हणून तुमच्या वाट्याला १२ महिनेच येतात. वर्गातले अमेरिकी मित्र ज्या संघराज्य सरकारच्या नोकऱ्यांत जातात, त्यांना जवळजवळ नेहमी नागरिकत्व लागतं. तारण ठेवून काढलेलं कर्ज या एका वर्षाच्या भरवशावर फिटत नाही. शिष्यवृत्तीवर जा. युरोपातल्या इरॅस्मस मुंडससाठी पदवी पुरते. ब्रिटनच्या चेव्हनिंगला २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. तेव्हा आधी इथे दोन वर्षं काम केलं तर दार उघडतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी बदलत असतात, त्यामुळे त्या वर्षीची जाहिरातच वाचा.

संयुक्त राष्ट्रांच्या तरुण व्यावसायिकांच्या परीक्षेला वयाची ३२ ही मर्यादा आहे आणि त्या वर्षीच्या यादीत आपला देश असावा लागतो. भारत यादीत नसेल तर अर्जच करता येत नाही, हे आधी पाहून घ्या. भारतीयांना जास्त जवळची वाट म्हणजे संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम, आणि इथल्या कार्यालयांतली कराराची कामं. पी-३ या मधल्या अधिकारी श्रेणीला पाच वर्षांचा अनुभव मागतात, तो तिथे जमत जातो. सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, न्यूयॉर्कचा राहण्याचा खर्च आपला आपण करावा लागतो.

तुम्ही पत्रासोबत जोडलेलं ‘निवड पत्र’ पाहिलं. त्यात नोंदणी आणि प्रशिक्षणासाठी ४५,००० रुपये मागितले आहेत. संयुक्त राष्ट्रं अर्ज, मुलाखत, प्रक्रिया, प्रशिक्षण अशा कोणत्याही टप्प्यावर एक रुपयाही घेत नाहीत. पैसे भरू नका. भरले असतील तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करून व्यवहार क्रमांक द्या, आणि बँकेलाही लगेच कळवा.