ठाण्यात माझ्या एमजीबीला (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) दोन एसयू एचएस४ कार्बोरेटर बसवलेत, पण स्लोला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) इंजिन हलतं. आधी मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) सेट करू की बॅलन्स (दोन्ही कार्बोरेटरमधली हवा सारखी करणं)?

आधी बॅलन्स, मग मिक्श्चर. आणि त्याही आधी टॅपेट, प्लग, टायमिंग. एसयूमध्ये हवेच्या ओढीने पिस्टन वर जातो आणि त्याची सुई जेटमधून पेट्रोल सोडते. दोन्हीकडे हवा सारखी नसेल तर मिक्श्चर जुळवणं म्हणजे नुसता टाइमपास.

इंजिन पूर्ण गरम करा, फिल्टर काढा, दोन थ्रॉटल (हवेच्या झडपा) जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल करा. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बच्या तोंडात एकाच जागी धरा. सुस्कारा सारखा येईपर्यंत स्लोचे स्क्रू फिरवा. मग मिक्श्चर: जेटचे नट पूर्ण वर, तिथून दोन फेरे खाली. कार्बच्या खालची पिन वर दाबून पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला.

- आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला: रिच (पेट्रोल जास्त), नट थोडा वर.
- इंजिन बंद पडायला लागलं: लीन (पेट्रोल कमी), नट थोडा खाली.
- किंचित वाढून लगेच बसला: बरोबर.

नट एका वेळी एकेक पैलूच फिरवा, नंतर बॅलन्स पुन्हा ऐका आणि क्लॅम्प आवळा. डॅशपॉटमध्ये (पिस्टनच्या वरच्या नळीत) तेल हवंच. हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) काढून टाकली असेल तर परत लावा, एक्झॉस्ट अगदी खालीच असतो आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल उकळतं.

मात्र थ्रॉटलचा स्पिंडल (झडपेची दांडी) झिजून हवा घेत असेल तर यातलं काहीच टिकणार नाही. इंजिन चालू असताना स्पिंडल टोकाशी धरून हाताने हलवून पाहा. आवाज बदलला तर आधी बुश बदलून घ्या.